एच.आय.व्ही.च्या कॅप्सिड प्रथिनास लक्ष्य करणारी नवी औषधे : रचना, मर्यादा व उपलब्धता यांची चिकित्सा

सारांश : एच.आय.व्ही.च्या जनुकद्रव्याभोवतीचे कवच ज्या प्रथिनाचे बनलेले असते, त्या कॅप्सिड प्रथिनावर कार्य करणारे पहिले औषध, लेनाकापाविर, २०२२ साली उपयोगात आले. या औषधाचे वर्णन बहुधा नियोजनपूर्वक औषधरचनेचा विजय असे केले जाते. प्रस्तुत लेखात त्या वर्णनाची चिकित्सा केली आहे. कॅप्सिड औषधांचा इतिहास, त्यांची कार्यपद्धती, विषाणूचा प्रतिरोध, क्षयरोगाच्या औषधांशी येणारा संबंध आणि पेटंट व किंमत यांचा विचार करता, औषधरचनेचे मूल्यमापन रेणू व प्रथिन यांच्या बंधनापुरते मर्यादित ठेवणे अपुरे ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे. या अनुषंगाने महाविद्यालयीन पातळीवरील संगणकीय औषधसंशोधनाविषयी काही निरीक्षणे मांडली आहेत.

बीजशब्द : एच.आय.व्ही., कॅप्सिड प्रथिन, लेनाकापाविर, संगणकीय डॉकिंग, प्रतिरोध, पेटंट कायदा.

१. प्रस्तावना

एच.आय.व्ही.विरोधी औषधांचा इतिहास हा मुख्यतः विषाणूच्या विकरांवर मात करण्याचा इतिहास आहे. १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले झिडोव्हुडिन हे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकरास रोखते. १९९५ मध्ये प्रोटिएज विकरावरील औषधे आली आणि २००७ मध्ये इंटिग्रेज विकरावरील रॅल्टेग्रॅव्हिर आले. विकराला एक क्रियाशील स्थान असते. त्या स्थानी नेहमीच्या पदार्थाऐवजी दुसरा रेणू बसवला की विकराचे कार्य थांबते. लक्ष्य स्पष्ट असल्याने औषधशास्त्रज्ञांना ही वाट सोयीची होती.

कॅप्सिड प्रथिनाची गोष्ट निराळी आहे. हे विकर नव्हे. ते विषाणूच्या बांधणीचे प्रथिन आहे. त्यास रूढ अर्थाने क्रियाशील स्थान नाही. त्यामुळे दीर्घ काळ ते औषधांच्या आवाक्याबाहेरचे मानले गेले. आज याच प्रथिनावरील औषधाची दोन इंजेक्शने सहा महिन्यांतून एकदा दिली असता संसर्गापासून जवळजवळ पूर्ण संरक्षण मिळते, असे चाचण्यांतून दिसले आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकाने २०२४ सालातील सर्वांत महत्त्वाची वैज्ञानिक उपलब्धी म्हणून त्याची निवड केली.

पुण्याच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९२ साली भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली; तीच आता राष्ट्रीय ट्रान्सलेशनल विषाणुशास्त्र व एड्स संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. लेनाकापाविरचे जेनेरिक उत्पादन करण्याचा परवाना ज्या सहा कंपन्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला, त्यांत पुण्याची एमक्युअर ही एक आहे. रोगाचा अभ्यास आणि औषधाचे उत्पादन ही दोन्ही टोके एकाच शहरात असताना, या औषधाकडे चिकित्सक दृष्टीने पाहणे येथील अध्यापकवर्गासही अगत्याचे आहे.

२. कवचाची रचना व कार्य

कॅप्सिड प्रथिनाच्या एका रेणूत २३१ अमिनो आम्ले असतात. त्याचे दोन भाग असून ते लवचीक दुव्याने जोडलेले असतात. विषाणू पेशीतून बाहेर पडताना हे प्रथिन गॅग नावाच्या मोठ्या प्रथिनसाखळीचा भाग असते. प्रोटिएज विकराने ती साखळी योग्य जागी तोडली की सुटे झालेले कॅप्सिड रेणू एकत्र येतात. सहा-सहा रेणूंची षटके व पाच-पाच रेणूंची पंचके मिळून शंकूच्या आकाराचे कवच तयार होते. अशा कवचात सुमारे दोनशे ते अडीचशे षटके असतात. पंचके मात्र नेमकी बारा. षटकोनांची जाळी सर्व बाजूंनी बंद करावयाची तर बारा पंचकोन अनिवार्य ठरतात, हा भूमितीचा नियम येथे विषाणूनेही पाळलेला आहे.

विषाणू पेशीत शिरताच हे कवच लगेच गळून पडते, असे पूर्वी समजले जाई. पाठ्यपुस्तकांतील अनेक आकृत्या आजही तेच दाखवतात. तथापि २०२० व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासांनी हे चित्र बदलले. कवच जवळजवळ अखंड अवस्थेत केंद्रकछिद्रातून आत जाते व केंद्रकात पोचल्यावर उलगडते, असे त्यांतून दिसले. म्हणजे कवचाला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात : प्रवासभर टिकून राहणे आणि योग्य वेळी योग्य ठिकाणी फुटणे. या प्रवासात ते पेशीतील अनेक प्रथिनांशी संबंध जोडते. सायक्लोफिलिन ए हे प्रथिन त्यास चिकटते, हे १९९३ मध्ये आढळले. सी.पी.एस.एफ.-६ व नप-१५३ ही प्रथिने केंद्रकप्रवेशात साहाय्य करतात. उलट ऱ्हीसस माकडांच्या पेशींतील ट्रिम-५ अल्फा हे प्रथिन याच कवचाला विळखा घालून एच.आय.व्ही.चा संसर्ग रोखते, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. कॅप्सिड हे योग्य लक्ष्य आहे, हे निसर्गाने औषधशास्त्राआधीच दाखवून दिले होते, असे म्हणता येईल.

कवचाचा हा नाजूकपणा मोजलाही गेला आहे. २०१३ मधील एका अभ्यासात कॅप्सिड प्रथिनात यादृच्छिक पद्धतीने एकेक अमिनो आम्ल बदलले असता सुमारे सत्तर टक्के बदलांमुळे विषाणू निकामी झाला. वारंवार रूप बदलणाऱ्या विषाणूचा हा भाग बदल सहन करीत नाही. औषधासाठी अशी जागा मोलाची ठरते.

३. लक्ष्याचा शोध : यशापयशाचा क्रम

कॅप्सिड औषधांची कथा सरळ रेषेत घडलेली नाही. पहिला लक्षणीय प्रयत्न बेव्हिरिमॅट या औषधाचा. ज्या द्रव्यापासून ते घडवले गेले, ते बेट्युलिनिक आम्ल तैवानमधील, आपल्या जांभळाच्याच प्रजातीतील एका वनस्पतीत आढळले होते. बेव्हिरिमॅट कॅप्सिडच्या शेपटाशी होणारी शेवटची तोडणी रोखते व त्यामुळे कवच पक्व होत नाही. प्रयोगशाळेत ते प्रभावी होते. मात्र चाचण्यांत बऱ्याच रुग्णांवर त्याचा परिणाम झाला नाही, कारण त्यांच्यातील विषाणूत तोडणीच्या जागेजवळ नैसर्गिक भेद आधीपासूनच होते. २०१० मध्ये त्याचा विकास थांबला.

या अपयशात भारतीय वाचकाने विशेष लक्ष द्यावे अशी एक बाब आहे. प्रयोगशाळांतील बराचसा अभ्यास एच.आय.व्ही.-१ च्या ‘बी’ उपप्रकारावर झालेला आहे, कारण अमेरिका व पश्चिम युरोप येथे तो प्रमुख आहे. भारतात ‘सी’ उपप्रकार प्रमुख आहे. बेव्हिरिमॅटला निष्प्रभ करणारे नैसर्गिक भेद ‘बी’पेक्षा इतर उपप्रकारांत, ‘सी’मध्येही, अधिक आढळतात. एका उपप्रकारावर सिद्ध झालेली रचना दुसऱ्यावर आपोआप लागू पडत नाही, हा यातून मिळणारा पहिला धडा होय.

पुढचा टप्पा फायझरच्या पी.एफ.-७४ या रेणूचा. २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्याची स्फटिकरचना कॅप्सिडच्या एका सुट्या भागासह मिळवली गेली होती. तीत रेणू बसतो ती खाच दिसली, पण अर्धीच. २०१४ मध्ये संपूर्ण षटकासह रचना मिळाल्यावर कळले की ही खाच शेजारच्या दोन रेणूंच्या सांध्यावर आहे. एका रेणूचा पुढचा व दुसऱ्याचा मागचा भाग मिळून ती पूर्ण होते. याच खाचेत पेशीतील सी.पी.एस.एफ.-६ व नप-१५३ ही प्रथिने बसतात. पी.एफ.-७४ स्वतः औषध होऊ शकला नाही, कारण यकृतात त्याचे झपाट्याने विघटन होते. तथापि जागा कळली होती.

त्या जागेवर गिलियड कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दीर्घ काळ काम केले. २०१७ मध्ये जी.एस.-सी.ए.१ हा रेणू जाहीर झाला व त्यानंतर लेनाकापाविर. २०२० मध्ये ‘नेचर’ व ‘सायन्स’मध्ये त्याच्या रचना प्रसिद्ध झाल्या. एका षटकात त्याचे सहा रेणू बसतात व प्रत्येक रेणू दोन शेजाऱ्यांना घट्ट जखडतो. परिणामी कवच अवाजवी ताठर होऊन अवेळी तडकते, केंद्रकप्रवेश अडतो आणि नव्या विषाणूंची कवचेही वेडीवाकडी बनतात. पेशींवरील प्रयोगांत अत्यल्प, म्हणजे पिकोमोलर, प्रमाणातच तो परिणामकारक ठरतो.

४. ‘नियोजनपूर्वक रचना’ या दाव्याची चिकित्सा

हा क्रम ध्यानात घेतला तर ‘रचना पाहिली व औषध घडवले’ हे वर्णन अर्धसत्य ठरते. पी.एफ.-७४ आधी सापडला, त्याची पूर्ण जागा नंतर समजली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लेनाकापाविरचा जो गुण आज सर्वाधिक वाखाणला जातो, तो दीर्घ परिणाम, प्रथिनाशी होणाऱ्या बंधनातून सर्वस्वी आलेला नाही. त्याचे विघटन अतिशय मंद आहे व पाण्यातील विद्राव्यता नगण्य आहे. त्वचेखाली सोडलेले औषध तेथेच साठून राहते व हळूहळू रक्तात उतरते. नेहमीच्या गोळीच्या दृष्टीने जी विद्राव्यता दोष ठरली असती, तीच येथे उपकारक झाली.

याचा आपल्या महाविद्यालयीन संशोधनाशी थेट संबंध आहे. गेल्या दोन दशकांत संगणकीय डॉकिंग, म्हणजे प्रथिनाच्या खाचेत संगणकाच्या साहाय्याने रेणू बसवून बंधनाचा अंदाज घेण्याची पद्धत, रसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान व औषधनिर्माणशास्त्र विभागांत सर्वत्र रुळली आहे. तिला खर्च कमी लागतो, प्रयोगशाळा लागत नाही आणि लेख लवकर पूर्ण होतो. अशा लेखांचा साचाही ठरून गेला आहे : एखाद्या वनस्पतीतील संयुगे निवडायची, लिपिन्स्कीच्या नियमांनी चाळायची, प्रथिनाची उपलब्ध रचना घ्यायची, गुणांक काढायचा आणि ‘हे संयुग भावी औषध ठरू शकेल’ असा निष्कर्ष नोंदवायचा.

कॅप्सिडच्या कसोटीवर हा साचा दोन ठिकाणी मोडतो. पहिले असे की कॅप्सिडची सुटी साखळी लक्ष्य म्हणून घेतली तर औषधाची खाच अपुरीच हाती लागते. ती दोन रेणूंच्या संबंधातून निर्माण होते; म्हणून किमान षटक घेणे आवश्यक आहे. दुसरे असे की लिपिन्स्कीच्या नियमानुसार तोंडावाटे घ्यावयाच्या औषधाचा रेणुभार ५०० च्या आत असावा. लेनाकापाविरचा रेणुभार सुमारे ९६८ आहे व त्यात दहा फ्लोरिन अणू आहेत. आपल्या चाळणीतून हे औषध पहिल्याच फेरीत बाद झाले असते. चाळणी सदोष आहे असे यावरून म्हणता येत नाही; लिपिन्स्की यांनी ती एका मर्यादित प्रश्नासाठी मांडली होती. प्रश्न न तपासता चाळणी लावणे हा दोष आहे.

डॉकिंग त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. प्रयोगाची दिशा ठरवण्यासाठी ते उपयुक्त आहे. परंतु ज्या गुणांकामागे प्रयोग येणार नाही, तो गुणांक निष्कर्ष म्हणून छापणे हे संशोधनाचे सोंग होय. पुण्यात विषाणुशास्त्राच्या संस्था आहेत, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. एका संयुगाची विषाणूवर प्रत्यक्ष तपासणी घडवून आणणारा एक लेख हा पन्नास संयुगांच्या गुणांकांच्या कोष्टकाहून अधिक मोलाचा आहे. पदोन्नतीच्या गुणपद्धतीत दोघांना सारखेच स्थान मिळते, ही अडचण खरी असली तरी तिच्यामुळे विज्ञानाचे निकष बदलत नाहीत.

५. प्रतिरोध व सहौषधे

कॅप्सिड बदल सहन करीत नाही, याचा अर्थ तो बदलतच नाही असा होत नाही. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या विषाणूच्या ७२ रुग्णांवर झालेल्या कॅपेला चाचणीत लेनाकापाविर परिणामकारक ठरले. मात्र काही रुग्णांत एम६६आय, एन७४डी यांसारखी उत्परिवर्तने उद्भवली. एम६६आयमुळे औषधाचा प्रभाव हजारो पटींनी घटतो, जरी त्या विषाणूची वाढही मंदावते. सोबतची औषधे दुर्बल असली किंवा सुटली, तर एकटे पडलेले लेनाकापाविर प्रतिरोधास वाव देते. दीर्घ परिणामाची ही दुसरी बाजू आहे : इंजेक्शने बंद केल्यावरही औषधाचा अंश वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ शरीरात रेंगाळतो व त्या काळात संसर्ग झाल्यास विषाणूला अपुऱ्या मात्रेशी झुंजण्याचा सराव मिळतो.

भारतात याहून निकडीचा प्रश्न क्षयरोगाचा आहे. क्षयावरील रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना चालना देते व लेनाकापाविरचे रक्तातील प्रमाण घटवते. एच.आय.व्ही.च्या उपचारासाठी ही दोन औषधे एकत्र देण्यास मनाई आहे; प्रतिबंधासाठी वापरताना पूरक मात्रा द्यावी लागते. डोल्युटेग्रॅव्हिरच्या बाबतीत रिफाम्पिसिनबरोबर मात्रा दुप्पट करून मार्ग निघतो, कारण ती रोजची गोळी आहे. सहा महिन्यांसाठी एकदाच दिलेल्या औषधात हा बदल तितका सहज नाही. एच.आय.व्ही.बाधितांत क्षयरोग हा प्रमुख सहरोग असलेल्या देशात ही मर्यादा तळटीपेत टाकण्याजोगी नाही. रिफाम्पिसिनसोबत चालणारे कॅप्सिड औषध घडवणे हा औषधरचनेचाच प्रश्न आहे आणि तो विचारण्यास भारतीय संशोधकांइतके समर्थ कारण इतरांपाशी क्वचितच असेल.

६. औषध कोणासाठी?

१९९७ साली ‘जामा’ या नियतकालिकात डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांचा पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांतील स्त्रियांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. देहविक्रयाशी संबंध नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रिया बाधित आढळल्या. यांतील बहुतेक विवाहित होत्या व पतीखेरीज अन्य कोणाशी त्यांचा संबंध नव्हता. स्वतःच्या वर्तनात बदल करून या स्त्रियांना बचाव करता येण्याजोगा नव्हता. निरोधाचा आग्रह धरणे त्यांच्या हाती नव्हते, आणि रोजची प्रतिबंधक गोळी घरात ठेवणे म्हणजे पतीविषयीचा संशय उघड करणे.

हा जुना अभ्यास आठवण्याचे कारण असे की कॅप्सिड औषधाचे सामाजिक मूल्य येथेच स्पष्ट होते. २०२४ मधील पर्पज-१ चाचणीत दक्षिण आफ्रिका व युगांडातील तरुण स्त्रियांपैकी २,१३४ जणींना लेनाकापाविर दिले गेले. त्यांत एकीलाही संसर्ग झाला नाही. रोजच्या गोळीच्या दोन गटांत मिळून ३,२०४ स्त्रियांपैकी ५५ जणींना संसर्ग झाला, कारण मुख्यतः गोळ्या नियमित घेतल्या गेल्या नाहीत. पर्पज-२ चाचणीत, ज्यात पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष व पारलिंगी व्यक्ती होत्या, २,१७९ पैकी दोघांना संसर्ग झाला. दोघांच्याही विषाणूत एन७४डी हे उत्परिवर्तन आढळले. वर्षातून दोनदा दवाखान्यात जाणे हे रोजच्या गोळीपेक्षा खाजगी राहते. औषधाची रचना येथे स्त्रीच्या घरातील स्थानाशी येऊन भिडते.

परंतु ज्या स्त्रीला ते हवे, तिला ते मिळणार का? अमेरिकेत जून २०२५ मध्ये प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली तेव्हा वार्षिक किंमत २८,२१८ डॉलर, म्हणजे सुमारे पंचवीस लाख रुपये, जाहीर झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये डॉ. रेड्डीज व हेटेरो या भारतीय कंपन्यांचे जेनेरिक लेनाकापाविर २०२७ पासून १२० देशांसाठी वर्षाला सुमारे ४० डॉलरला देण्याच्या योजना घोषित झाल्या. ही किंमत साडेतीन हजार रुपयांच्या आसपास येते. एकाच रेणूच्या दोन किमतींत सातशे पटींचे अंतर आहे आणि त्याचे स्पष्टीकरण रसायनशास्त्रात सापडत नाही.

ते कायद्याच्या इतिहासात सापडते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला नव्हे, तर उत्पादनप्रक्रियेलाच पेटंट दिले. त्यामुळे मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये तीन औषधांचा संच वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. तेव्हा त्याचा खर्च दहा हजार डॉलरांहून अधिक होता. २००५ पासून भारताने रेणूवरील पेटंटही मान्य केले, मात्र कलम ३(ड) द्वारे जुन्याच द्रव्याच्या किरकोळ नव्या रूपांना पेटंट नाकारण्याची सोय ठेवली व पेटंट मिळण्यापूर्वी हरकत घेण्याचा अधिकारही राखला. याच तरतुदींच्या आधारे टेनोफोविरच्या पेटंट अर्जास आव्हान दिले गेले व २००९ मध्ये तो फेटाळला गेला. लेनाकापाविरच्या पेटंट अर्जांवर मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने अशाच हरकती घेतल्या आहेत.

ऐच्छिक परवाने स्वागतार्ह आहेत. परंतु परवान्यातील देशांची यादी पेटंटधारक ठरवतो, हे विसरता येत नाही. ज्या ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको व पेरूमधील स्वयंसेवकांवर पर्पज-२ चाचणी झाली, ते देश त्या यादीत नाहीत. चाचणीसाठी शरीर दिले, औषधासाठी मात्र स्थान नाही, अशी ही स्थिती आहे. पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५ साली एच.आय.व्ही. लसीची भारतातील पहिली मानवी चाचणी झाली. २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या एच.पी.टी.एन. ०५२ या आंतरराष्ट्रीय चाचणीतही पुण्याचा सहभाग होता. येथील स्वयंसेवकांनी जागतिक ज्ञानात भर घातली आहे. चाचणीनंतरच्या उपलब्धतेचा प्रश्न म्हणूनच आपलाही आहे.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) कॅप्सिड औषधांचे यश हे विषाणूच्या जीवनक्रमाविषयीच्या दीर्घ मूलभूत संशोधनाचे फलित आहे. औषधाची जागा एका प्रथिनात नसून प्रथिनांच्या परस्परसंबंधात आहे; म्हणून सुट्या साखळीवरील संगणकीय निष्कर्ष दिशाभूल करू शकतात.

(२) महाविद्यालयीन संशोधनात डॉकिंगचा वापर प्रयोगाची पूर्वतयारी म्हणून व्हावा व तपासणीसाठी शहरातील संस्थांशी सहकार्य साधले जावे.

(३) ‘सी’ उपप्रकार व रिफाम्पिसिन या दोन भारतीय वास्तवांना औषधरचनेच्या आरंभीच स्थान मिळावयास हवे. ते अखेरच्या टप्प्यावर आठवणे महाग पडते.

(४) किंमत व पेटंट हे औषधरचनेबाहेरचे विषय मानले जातात. परंतु सहा महिने टिकणारे औषध ज्या स्त्रीपर्यंत पोचत नाही, तिच्या दृष्टीने त्याची बंधनक्षमता शून्यच असते.

भारतात आज सुमारे पंचवीस लाख व्यक्ती एच.आय.व्ही.सह जगत आहेत व त्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. शासनाची मोफत उपचारयोजना एप्रिल २००४ पासून सुरू आहे. तिच्यात या नव्या औषधाला कोणते स्थान द्यावयाचे, हा निर्णय पुढील काही वर्षांत घ्यावा लागेल. तो घेताना औषधाच्या गौरवाबरोबरच त्याच्या मर्यादांची जाणीव असणारा सुशिक्षित वर्ग उपलब्ध असावा, आणि तो वर्गखोल्यांतूनच घडतो, हे अध्यापकांनी ध्यानी ठेवणे इष्ट होय.